पोर कान का झाकते?

मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. पाथर्डी तालुक्यातले हे गाव. होळी झाली की लोक निघतात, ते पाडव्यापर्यंत येतच राहतात. ढोल वाजतात, पिपाण्या वाजतात, कर्ण्यावर गाणी लागतात. लोकांना त्यात मोठा आनंद वाटतो. वाटावाच.

त्या गर्दीत चार-पाच वर्षांचा एक मुलगा आम्ही पाहिला. बापाने त्याला खांद्यावर घेतले होते. ढोल जवळ आला तसे पोराने दोन्ही कान गच्च दाबले. मग ते किंचाळू लागले. बापाने रेवडी दिली, ती पोराने फेकली. पिपाणी घेऊन दिली, तीही फेकली. खाली ठेवले तर धुळीत अंग टाकले. लोक जमले. एक गृहस्थ म्हणाले, "लाडानं बिघडवलंय." एक म्हातारी म्हणाली, "नजर लागली असंल. मीठ-मोहऱ्या उतरून टाक बाई." तिसरा म्हणाला, "एक ठेवून द्या, गप्प बसंल."

बापाने ठेवून दिली. पोर गप्प बसले नाही, आणखीच किंचाळले. आई खाली मान घालून उभी होती.

ती आई आमच्या साक्षरतेच्या वर्गाला येत असे. म्हणून पुढची हकिकत आम्हाला कळली. मुलाचे नाव आम्ही सांगत नाही. घरात तो सर्वांत लहान, म्हणून त्याला धाकटा म्हणू.

आई म्हणाली, "गुरुजी, जत्रेचं सोडा, घरी रोजचंच हाय. नवा सदरा घातला की ओरबाडून काढतो. शिवण टोचती म्हनतो. कुकरची शिट्टी वाजली की गोठ्यात पळतो. न्हाव्याकडं न्यायचं तर चौघं लागतात धराया. भाजी तोंडात गेली की उलटी. दूध-भात तेवढा खातो. अन् हाच पोरगा परवा पडला, गुडघ्यातनं रक्त आलं, तर त्याला पत्ता नाही! मग ह्याला दुखतं का नाही दुखत? आत्याबाई म्हनतात, सोंग करतो."

आत्याबाईंचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नाही. शिवण टोचते म्हणणाऱ्याला फुटलेला गुडघा कळू नये, हे ऐकून कुणालाही सोंगच वाटेल. पण ते सोंग नव्हे. ते काय आहे, हे आता पाहू.

डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी ही पाच इंद्रिये. ही सगळ्यांना ठाऊक आहेत. पण शरीराला याहून अधिक बातम्या मिळत असतात. जरा वाचायचे थांबा. डोळे मिटा आणि एक बोट नाकाच्या शेंड्याला लावा. लागले ना? डोळे तर मिटलेले होते. मग हात कुठे आहे आणि नाक कुठे आहे, हे कुणी सांगितले? ते सांध्यांनी आणि स्नायूंनी सांगितले. भाकरी थापताना किती जोर लावायचा, हेही तेच सांगतात.

दुसरी बातमी तोलाची. कानाच्या आत खोलवर तोल सांभाळणारी जागा असते. फुगडी खेळून थांबले की घर फिरते, ते तिच्यामुळे. डोक्यावर हंडा घेऊन बाई बांधावरून चालते, तीही तिच्याच जोरावर. तिसरी बातमी पोटाच्या आतली. भूक लागली, तहान लागली, लघवीची घाई झाली, हे ती कळवते.

इतक्या बातम्या एकदम येतात. त्यांचे काय करायचे, हे मेंदू ठरवतो.

हे पाटाच्या पाण्यासारखे आहे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेचे पाणी तिथे अडते, मग पाटाने खाली येते. पण पाटाला पाणी आले म्हणजे पीक आले असे होत नाही. दारे धरणारा माणूस हुशार लागतो. उसाच्या सरीला किती पाणी द्यायचे आणि मेथीच्या वाफ्याला किती, हे त्याला कळावे लागते. एक दार फोडायचे तर दुसरे बांधायचे. मेंदू असाच दारे धरून बसलेला असतो. तुम्ही आता हा धडा वाचत आहात. अंगातला सदरा किंवा पोलके कातडीला लागतेच आहे. बाहेर कोंबडी ओरडते आहे. चुलीचा वास येतो आहे. पण मेंदूने ती दारे बांधून ठेवली आणि वाचण्याचे दार फोडले. आम्ही नाव काढले म्हणून आता सदरा जाणवू लागला असेल! थोड्या वेळाने तो पुन्हा विसराल.

काही मुलांच्या मेंदूला ही दारे नीट धरता येत नाहीत. एखादे दार बांधलेच जात नाही. मग पाणी धो धो येते आणि वाफा फुटतो. धाकट्याच्या कानाचे दार असे आहे. ढोल तुम्हाला मोठा वाटतो. त्याला तो डोक्यात घण घातल्यासारखा लागतो. सदऱ्याची शिवण तुम्ही क्षणात विसरता. त्याला ती दिवसभर टोचत राहते.

उलट एखादे दार पुरते उघडतच नाही. पाणी पुढे पोचत नाही. पाटाच्या टोकाला ज्यांची जमीन आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. धाकट्याच्या दुखण्याचे दार असे आहे. गुडघा फुटल्याची बातमी निघते, पण वाटेतच आटते. एकाच शेतात एक वाफा बुडतो आणि एक कोरडा राहतो, तसे एकाच पोरात दोन्ही असू शकते. आत्याबाईंचे कोडे ते हेच.

ज्यांची दारे पुरती उघडत नाहीत, त्या मुलांची तऱ्हा वेगळी असते. ती जास्त मागतात. सदऱ्याची कॉलर चावून चावून भिजवतात. गोल गोल फिरतात आणि त्यांना भोवळ येत नाही. ओट्यावरून उड्या मारतात, भिंतीला जाऊन धडकतात, लहान भावाला कवटाळतात ते तो रडेपर्यंत. लोक म्हणतात, पोर द्वाड आहे. खरे तर अंगाला बातमी पुरत नाही म्हणून ते ती मिळवत असते. काही मुले याहून वेगळी. ती नुसती बसून राहतात. नाक वाहते, तोंडाला खरकटे लागलेले असते, लघवी झालेली असते, पण त्यांना काही कळत नाही. त्यांना लोक मंद म्हणतात. द्वाड मुलापेक्षा अशा मुलाकडे घराचे लक्ष उशिरा जाते, कारण ते कुणाला त्रास देत नाही.

आता कुणी घाबरून जाऊ नका. कॉलर कोणते पोर चावत नाही? फटाक्याला भिणारी मुले घरोघर आहेत. नवे कपडे टोचतात म्हणणारे मोठे लोकही आम्ही पाहिले आहेत. तेवढ्यावरून काही ठरत नाही. पण यामुळे पोराचे खाणे, झोपणे, खेळणे, शाळेत बसणे रोजच अडत असेल आणि महिनेच्या महिने तसेच चालले असेल, तर मात्र ते हसण्यावारी नेऊ नये.

आणि हट्ट म्हणजे काय नि हे म्हणजे काय, ते कसे ओळखावे? पुष्कळ आया आम्हाला हेच विचारतात. हट्ट करणारे पोर रडता रडता तुमच्याकडे पाहते. मागितलेली वस्तू हातात पडली की डोळे पुसते. तुम्ही तिथून उठून गेलात तर तेही मागे मागे येते. धाकट्याला यात्रेत रेवडी दिली, पिपाणी दिली. तो थांबला का? त्याला काही मिळवायचे नव्हते. त्याला तिथून सुटायचे होते. ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तीसुद्धा दर वेळी बिनचूक ठरत नाही, कारण असे मूलही इतर मुलांसारखा हट्ट करतेच. तेही पोरच आहे.

या गोष्टीचा अभ्यास अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या बाईंनी केला. त्या १९२० साली जन्मल्या आणि १९८८ साली वारल्या. अडखळणाऱ्या, धडपडणाऱ्या, अक्षरे गिरवता न येणाऱ्या मुलांना त्या शिकवीत आणि त्यांच्याकडे बारकाईने बघत. १९७२ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. मुलाला झोके, उड्या, ओझे, दाब असे खेळ बेतून द्यायचे, म्हणजे मेंदूला दारे धरण्याचा सराव होतो, असे त्यांचे म्हणणे. हे काम करणाऱ्या जाणकाराला व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणतात. नाव अवघड आहे, पण ही विद्या आपल्याकडे काही कालची नव्हे. कमलाबाई निंबकर या जन्माने अमेरिकन, लग्नाने आपल्या झालेल्या बाई. त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विद्येची शाळा काढली.

सर्व डॉक्टरांचे यावर एकमत आहे असे मात्र नाही. हा वेगळा रोग मानावा की नाही, यावर अजून वाद आहे. स्वमग्न मुलांमध्ये हा त्रास पुष्कळ आढळतो. फार चंचल असलेल्या मुलांतही आढळतो. आणि यातले काहीच नसलेल्या मुलांतही आढळतो. खेळांच्या उपचाराने काही मुलांना चांगला गुण येतो, काहींना थोडाच येतो. म्हणून इतक्या दिवसांत खात्रीने बरा करतो, असे सांगून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. यावर भुकटी नाही, काढा नाही, सुई नाही.

पोराला हे कशाने होते? गरोदरपणी आईने ग्रहण पाहिले, विळी हातात घेतली, असले काही यामागे नसते. आईने लाड केले म्हणून होत नाही आणि मारले नाही म्हणूनही होत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांत हे जास्त दिसते. घरात बापाला किंवा आजोबाला लहानपणी असाच त्रास होता, असेही कधी निघते. धाकट्याच्या घरी तसेच निघाले. आजोबा आजही घोंगडी अंगाला लागू देत नाहीत. त्यांना त्याबद्दल कुणी कधी मारले नाही, एवढाच फरक!

मारण्याचे बोललो, तर आणखी एक सांगितले पाहिजे. अशा पोराला काही ठिकाणी तापलेल्या सळईचा डाग देतात. बिब्बा घालतात. देवाचा अंगारा कपाळाला लावला तर कुणाचे काही बिघडत नाही. पण डाग देणे ही पोराला केलेली जखम आहे. ती चिघळते, त्यातून ताप येतो, पोर जिवानिशी जाऊ शकते. ज्याच्या कातडीला शिवण सोसत नाही, त्याच्या कातडीवर तापले लोखंड ठेवायचे, हे वाचतानाच अंगावर काटा येतो.

मग करायचे काय?

आम्ही धाकट्याच्या आईला सांगितले, "बाई, तुम्ही आता लिहायला शिकलात. एक चाळीस पानी वही घ्या. पोर बिघडले की तीन गोष्टी लिहा. आधी काय झाले, पोराने काय केले, मग कशाने शांत झाले. शुद्धलेखनाची काळजी करू नका." तिला हसू आले. पण तिने वही घातली. त्यातल्या काही ओळी तिच्या परवानगीने देतो.

सोमवार. सकाळी कुकर. तिनदा शिटी. गोठ्यात पळाला. गाईच्या अंगाला चिकटुन बसला मग गप झाला.

मंगळवार. काही नाही. शेनाची पाटी माझ्याबरुबर ओढली. दुपारी भाजीतला बटाटा खाल्ला.

गुरवार. शाळेचा सदरा नवा. रडला. दादाचा जुना घातला. गेला.

शनवार. गावात लग्न. डिजे. रातभर झोपला नाही. अंगावर गोधडी घट घट घे म्हनला.

या चार ओळींत केवढे सापडते पाहा. कुकर, नवे कापड आणि डीजे यांनी पोर बिघडते. गाईच्या अंगाचा दाब, गोधडीचा दाब आणि ओढण्याचे जड काम यांनी ते सावरते. पाटी ओढली त्या दिवशी बटाटासुद्धा पोटात गेला. हे कुणा मोठ्या डॉक्टरला पहिल्या भेटीत कळले नसते. ते आईला कळते, आणि लिहिले म्हणजे टिकते. तोंडी सांगायला गेले की आठवत नाही. दवाखान्यात तर घाबरून काहीच आठवत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायाच निवडून शिकवल्या. त्यांतल्या कितीजणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बाळंतिणी सांभाळू लागल्या, बालकांची वजने घेऊ लागल्या, रोग ओळखू लागल्या. तेव्हा आडाणी बाईला यातले काय कळणार, असे कुणी म्हणाले तर त्याला जामखेडला पाठवावे.

वहीवरून घरात काय काय बदलले ते सांगतो. कुकर लावण्याआधी आई धाकट्याला सांगते, "आता तीन शिट्ट्या होणार, तू अंगणात जा." अचानक येणारा आवाज फार लागतो, सांगून आलेला कमी लागतो. नवे कापड चार-पाच वेळा धुऊन मऊ करते, मानेजवळची चिठ्ठी उसवून टाकते आणि सदरा कधी उलटाही घालते. शिवण बाहेर आली म्हणून कुणाची अब्रू जात नाही. केस कापण्याआधी डोके आणि मान हाताने चांगली दाबून देते. हळू, गुदगुल्यांसारखा स्पर्श अशा मुलांना नको असतो. घट्ट, ठाम हात बरा वाटतो. आजी मायेने गालावरून हलकेच हात फिरवी आणि पोर तो झटकी. आजीला वाईट वाटे. आता ती त्याला घट्ट कुशीत घेते. तो येतो.

सकाळी शाळेत जाण्याआधी तो पाण्याची लहान कळशी आणतो. कणीक तिंबतो. शेळ्यांचा चारा ओढतो. यात पोराकडून काम काढून घेण्याचा विचार नाही. सांध्यांना आणि स्नायूंना जोर पडला की अशी मुले स्थिर होतात. ओझे मात्र पोराच्या बेताचे असावे आणि त्याच्या खुशीचे असावे. ज्या पोराला बातमी पुरत नाही, त्याला झाडाला झोका बांधून द्यावा. उड्या मारायला जुनी गादी किंवा कडब्याची रास द्यावी. म्हणजे ते ओट्यावरून उडी मारणार नाही.

गोधडीचे एक जपावे. पोराने मागितली तर जागेपणी गुंडाळावी, तोंड उघडे ठेवावे, नको म्हणाला की लगेच काढावी. तान्ह्या बाळाला जड गोधडीत कधीही गुंडाळू नये, गुदमरेल. तसेच कानात कापसाचे बोळे खुपसू नयेत. वरून उपरणे किंवा कानटोपी बांधावी.

जेवणाचा प्रश्न सर्वांत चिवट. नाक दाबून भाजी कोंबली तर पोर उद्या दूध-भातही सोडते. नवा पदार्थ ताटाच्या कडेला बोटभर ठेवावा. त्याने नुसता हात लावला, वास घेतला, तरी त्या दिवशी पुष्कळ झाले. असे दहा-पंधरा वेळा करावे लागते. पोर दोन-तीनच पदार्थ खात असेल आणि वजन वाढत नसेल, तर मात्र वाट पाहू नये. दवाखाना गाठावा.

आणि पोर बिघडलेच, किंचाळायला लागले, तर? त्या वेळी शहाणपण शिकवू नये. त्याला ऐकू येते, पण समजत नाही. त्याला तिथून उचलावे, शांत आडोशाला न्यावे, कमी बोलावे, जवळ बसावे. डोके आपटत असेल तर खाली हात किंवा मऊ कापड द्यावे. काय झाले ते नंतर विचारावे, कधी दुसऱ्या दिवशी.

पुढच्या वर्षी हे घर मढीला गेले ते उजाडायच्या आत. ढोल सुरू होण्याआधी दर्शन झाले. उतरताना लांबून पहिला ढोल ऐकू आला, तेव्हा धाकट्याने बापाचे धोतर ओढून सांगितले, "आता चला." बाप लगेच निघाला. बापाने ऐकले, हे आम्हाला दर्शनाइतकेच मोलाचे वाटते. गावाने ऐकावे एवढे अजून झालेले नाही. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद असावेत, असा नियम २००० सालापासून आहे. लग्नाच्या वरातीत तो कोण पाळतो, ते आम्ही काय सांगावे!

शाळेतल्या गुरुजींना भेटून वही दाखवावी. पत्र्याखालच्या वर्गात पावसाचा मोठा आवाज होतो, तिथे हे पोर कोपऱ्यात कान झाकून बसणारच. त्याला घंटेपासून आणि दारापासून दूर, भिंतीला पाठ लावून बसू द्यावे. फळा पुसणे, वह्यांचा गठ्ठा नेणे अशी कामे मधून मधून सांगावी. गुरुजी म्हणतील, एकालाच का सवलत? ज्याला दिसत नाही त्याला आपण पुढे बसवतो, तसेच हे. आणि मुलाला शाळेत मारायला कायद्याने बंदी आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी खास शिक्षक असतात. त्यांची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करावी.

तपासणीला कुठे जावे? अंगणवाडीच्या ताईला किंवा आशाताईला आधी सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात डॉक्टरांचे पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्या मुलांना एकदा तपासते. पुढची तपासणी लागली तर जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. ती फुकट असते. पहिल्यांदा कान आणि डोळे तपासून घ्या. हाकेला ओ न देणारे पोर बहिरे तर नाही, हे आधी कळले पाहिजे. पोर नजरेला नजर देत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल, आलेले बोलणे गेले असेल, तर पथक येईपर्यंतही थांबू नका. लहान वयात सुरू केलेल्या उपचाराला जास्त गुण येतो.

दाखल्याचेही सांगून ठेवतो, म्हणजे खेटे वाचतील. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, लिहिण्या-वाचण्यातली विशिष्ट अडचणही आहे. नुसता कानाला आवाज न सोसणे हा प्रकार त्यात नाही. म्हणून तेवढ्यावर दाखला मिळत नाही. दाखला नाही म्हणून पोराला त्रास नाही, असे मात्र समजू नका.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडे निघतात. मागे पाडव्यापर्यंत गाव ओस. नेवासे भागातल्या एका फडावर आम्ही सहा वर्षांची एक मुलगी पाहिली. तिला थंडी कळत नव्हती. पहाटे उघड्या अंगाने कोपीबाहेर फिरे. चुलीतला निखारा हातात धरी आणि चटका उशिरा कळे. चालत्या ट्रॅक्टरच्या मागे धावून ट्रॉलीला लोंबकळे. तिला तो झोका वाटे. तिची आई कोयता चालवता चालवता दर घटकेला मागे वळून पाही. शेवटी तिने पोरीच्या पायाला दोरी बांधली. लोकांनी तिला नावे ठेवली. आम्ही ठेवली नाहीत. दुसरा उपाय तिला कुणी दाखवलाच नव्हता.

दोरीऐवजी पोरीला कोपीजवळच्या बाभळीला झोका बांधून दिला. वाढ्याच्या लहान मोळ्या ओढून रचण्याचे काम दिले. चुलीभोवती दगडांचा आडोसा केला. टोळीतली एक म्हातारी दिवसा तिच्याजवळ बसू लागली. ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवले की, गाडी हलवण्याआधी खाली उतरून मागे बघायचे. लोंबकळणे पुरते गेले नाही, कमी झाले.

या पोरीचे खरे नुकसान वेगळेच होते. पथक गावात येई तेव्हा ती फडावर असे. दोन वर्षे तिचे नाव यादीवर येऊन राहिले. तिच्यासमोर नुसते "गैरहजर" लिहिलेले. म्हणून तोडीला निघण्याआधी अंगणवाडीच्या ताईला भेटा आणि पथक केव्हा येते ते विचारा. पोराला आधीच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवता आले तर दाखवून घ्या. जिथे जाणार त्या गावाचे नाव नि मुकादमाचा फोन ताईकडे लिहून ठेवा. तपासणीचे कागद आणि वही पत्र्याच्या पेटीत, कोरड्या पिशवीत घाला. फडाजवळच्या अंगणवाडीत पोहोचल्याच्या आठवड्यातच पोराचे नाव सांगा. तिथली ताई नवी असेल, तिला पोर माहीत नसेल. तिच्या हातात वही द्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा: पोराचे वय, कशाने बिघडते, कशाने शांत होते, काय खाते, कोणाला हाक मारायची.